जामनेरची गाडी आणि दोन भागाकार

पाचोरा ते जामनेर हा ५६ किलोमीटरचा लोहमार्ग अडीच फूट रुंदीचा, म्हणजे नॅरो गेज होता. सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास घातला. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत जाणाऱ्या या गाडीला खानदेशात सगळे ‘पीजे’ म्हणत. २०२० साली टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. आता हा मार्ग ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत नेण्याचे ठरले आहे. पीजेच्या आठवणी काढणारे पुष्कळ भेटतात. आम्हांला मात्र तिच्याविषयी थोडे वेगळे कुतूहल आहे. त्या डब्याखालचा लोखंडी आस किती जाड असावा, रुळाचा आकार तसाच का, दोन रुळांच्या मध्ये फट किती ठेवावी, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवले? १९१९ साली जामनेरला रूळ टाकणाऱ्या अभियंत्यापाशी या प्रश्नांची उत्तरे तयार होती. त्याच्या आधी शंभर वर्षे ती जगात कोणापाशीही पुरतेपणी नव्हती.

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ही उत्तरे दोन ओळींच्या व्याख्यांत बसवलेली असतात. प्रतिबल म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. विकृती म्हणजे लांबीतील बदल भागिले मूळ लांबी. मुले पाठ करतात, आपण दोन गणिते सोडवून देतो, आणि पुढच्या धड्याकडे वळतो. हे दोन भागाकार इतके साधे दिसतात की ते कोणाला सुचावे लागले असतील असे वाटतच नाही. प्रत्यक्षात रॉबर्ट हूकने आपला नियम छापला १६७८ साली, आणि हे दोन्ही भागाकार अभियंत्यांच्या वह्यांत कायमचे आले ते १८२२ ते १८२६ च्या दरम्यान. मधली जवळजवळ दीडशे वर्षे युरोपातले अव्वल गणिती याच प्रश्नाभोवती फिरत होते. ते कोठे अडले, हे कळले की वर्गातली मुले कोठे अडतात तेही कळते.

सुरुवात मात्र हूकच्याही आधी, एका तुळईपासून होते. जामनेर-पहूरकडची जुनी धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. भिंतीवर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. पावसात ती माती भिजली की भार वाढतो. अशी तुळई कधी मोडेल? गॅलिलिओने हाच प्रश्न गणिताला घातला. १६३३ मध्ये धर्मपीठाने शिक्षा दिल्यावर तो फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथे नजरकैदेत होता, आणि तेथे पूर्ण केलेले ‘दोन नव्या शास्त्रांविषयी’ हे त्याचे पुस्तक १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापले गेले. दोन शास्त्रांपैकी एक म्हणजे गतीचे. ते सर्वांना ठाऊक असते. दुसरे म्हणजे पदार्थांच्या बळकटीचे. ते बहुधा विसरले जाते.

त्याने भिंतीत एक टोक रोवलेली आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगलेली तुळई घेतली. ती भिंतीपाशी मोडताना खालच्या कडेवर फिरते आणि सगळा छेद एकसारखा ताणला जातो, असे त्याने मानले. यातून निघालेला निष्कर्ष असा की तुळईची बळकटी तिच्या रुंदीच्या पटीत, पण उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढते. २० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड फळी आडवी ठेवण्याऐवजी उभी ठेवली तर चौपट भार पेलते. हे बरोबर आहे. आपल्याकडच्या सुतारांना ते गणिताशिवाय माहीत होते, नाहीतर तुळया उभ्या बसवल्या गेल्याच नसत्या. बांबू आणि हाडे पोकळ का असतात याचेही कारण त्याच पुस्तकात आहे. तेवढ्याच वजनाचा भरीव दांडा त्याहून लवकर मोडतो. केळीच्या घडाला टेकू म्हणून बांबू लावणारा शेतकरी त्याचाच लाभ घेत असतो.

पण प्रत्यक्षात तुळई किती किलोला मोडेल, हे विचारले तर गॅलिलिओचे उत्तर तिप्पट येते. लाकूड जितके सहन करू शकते त्याच्या तिप्पट भार तो सुरक्षित ठरवतो. कारण सगळा छेद एकसारखा ताणला जात नाही. वाकलेल्या तुळईची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मध्ये कोठेतरी एक पातळी अशी असते की जिची लांबी बदलतच नाही. तो हे चुकला कारण त्याच्या तुळईला ताणले जाणे ठाऊकच नव्हते. ती एकतर अखंड असे, नाहीतर मोडलेली.

ताणले जाणे ही गोष्ट हूकने आणली. वजन दुप्पट तर वाढही दुप्पट, एवढाच त्याचा नियम. तो त्याने १६७६ मध्ये अक्षरांची सरमिसळ केलेल्या कोड्याच्या रूपात छापला आणि उकल दोन वर्षांनी दिली. स्प्रिंगच्या घड्याळांवरून तेव्हा मोठी चुरस होती आणि शोधाचा मान आपल्याकडे ठेवून शोध लपवण्याची ही रीत त्या काळी रूढ होती. (असल्या गुप्ततेचा विज्ञानाला काही उपयोग झाला असे आम्हांला वाटत नाही.)

आता वर्गात हमखास घोटाळा होतो ती जागा आली. हूकचा नियम एका विशिष्ट तारेविषयी बोलतो. तार दुप्पट लांब घेतली तर त्याच वजनाने वाढ दुप्पट होईल. दुप्पट क्षेत्रफळाच्या छेदाची घेतली तर निम्मी. मग हा गुण तारेचा की पितळेचा? हूकच्या मांडणीत तो तारेचा आहे. लांबीने एकदा आणि छेदाच्या क्षेत्रफळाने एकदा भागल्याशिवाय तारेतून पितळ वेगळे काढता येत नाही. जेकब बर्नुलीने १७०५ साली या दिशेने बोट दाखवले होते, पण पद्धत पडली नाही. कारण उघड आहे. ज्याच्यापुढे एकच तार किंवा एकच तुळई आहे त्याला भागाकाराची गरज नसते. ज्याला या तारेवरून त्या पुलाचे भाकीत करायचे आहे त्यालाच ती पडते.

मधल्या काळातली माणसे कामाच्या निमित्ताने थोडेथोडे पुढे सरकत होती. व्हर्सायच्या राजवाड्याला पाणी नेणाऱ्या नळांच्या बळकटीचा विचार करताना एदम मारिओतला दिसले की तुळईचे तंतू ताणले जातात, दाबलेही जातात. त्याचे पुस्तक मृत्यूनंतर, १६८६ मध्ये निघाले, पण त्याच्या गणितात एक घसरण राहिली होती. १७१३ मध्ये पारांने ती दुरुस्त केली. त्याचे फारसे कोणी वाचले नाही. १७७३ मध्ये कूलोंने, म्हणजे विजेच्या नियमाचा जो कूलोम आपण शिकवतो त्यानेच, तेच पुन्हा स्वतंत्रपणे मांडले. वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर किल्ल्याचे बांधकाम सांभाळून तो नुकताच परतलेला लष्करी अभियंता होता. त्याचेही ताबडतोब कोणी ऐकले नाही. गॅलिलिओची तिपटीची चूक अशा रीतीने जवळजवळ दोन शतके पूर्णपणे पुसली गेली नाही, आणि तरीही घरे-पूल उभे राहिले, कारण कारागीर पूर्वी टिकलेल्या कामाकडे पाहून मापे घेत होते. दगड आणि लाकूड यांत अशी उधारी चालते.

लोखंडाने ती बंद केली. लोखंडी पुलाला पूर्वीचा नमुनाच नव्हता. १८२२ मध्ये कोशीने पॅरिसच्या अकादमीपुढे प्रतिबलाची कल्पना मांडली. भार पेलणाऱ्या पदार्थात मनाने एक पातळी कापा. तिच्या एका बाजूचे द्रव्य दुसऱ्या बाजूच्या द्रव्यावर जे बल लावते, ते भागिले त्या पातळीचे क्षेत्रफळ. पाण्याच्या दाबासारखीच ही गोष्ट वाटते, पण एक महत्त्वाचा फरक आहे. स्थिर पाण्यात हे बल नेहमी पातळीला काटकोनातच असते. घन पदार्थात ते तिरके असू शकते, आणि एकाच बिंदूतून वेगवेगळ्या दिशांनी पातळ्या कापल्या तर प्रत्येकीवरचे प्रतिबल वेगळे येते. म्हणून ‘या बिंदूपाशी प्रतिबल किती?’ हा प्रश्न, ‘कोणत्या पातळीवर?’ हे सांगितल्याशिवाय अपुरा असतो.

हे फळ्यावर समजावणे कठीण, पण फळ्याच्या खडूने सोपे आहे. एक खडू दोन्ही हातांनी वाकवून मोडा. भेग जवळजवळ सरळ आडवी जाते. दुसरा खडू वाकू न देता केवळ पिळून मोडा. भेग नागमोडी वळसा घेत, अक्षाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून जाते. पिळताना आपण कोठेही ओढलेले नसते, तरीही खडूच्या आत तिरक्या पातळीवर ताण सर्वाधिक असतो. खडू ताणाला दुबळा असल्यामुळे तो तेथेच उलतो. ओले कापड पिळून पाहिले तरी तिरके धागे ताणलेले दिसतात. बाहेरचे बल आणि आतले प्रतिबल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे सांगायला याहून स्वस्त साधन आम्हांला सापडलेले नाही.

दुसरा भागाकार आणि त्यांचे गुणोत्तर हे थॉमस यंगच्या नावावर जमा आहे. पण त्याने १८०७ मध्ये दिलेली व्याख्या आजची नव्हती. त्याच पदार्थाचा एक उंच स्तंभ कल्पून त्याच्या वजनाच्या रूपात त्याने ती सांगितली होती आणि ती वाचून भल्याभल्यांना काही उमजले नाही. प्रतिबल भागिले विकृती हे आजचे सुटसुटीत रूप १८२६ मध्ये पॅरिसच्या पूल-रस्ते विद्यालयातील नाव्हिएच्या व्याख्यानांतून आले. तुळईची मधली न बदलणारी पातळी कोठे असते हेही तेथेच पक्के झाले. त्याच वर्षी नाव्हिएने स्वतः आराखडा केलेला सेन नदीवरचा झुलता पूल पुरा होता होता पाण्याचा मोठा नळ फुटला, आधाराची माती भिजून सरकली, आणि शहराने पूलच उतरवून टाकला. गणित बरोबर असून भागत नाही, माती कशी वागेल तेही माहीत असावे लागते.

असो. १८२६ नंतर अभियंत्याला तुळईतले प्रतिबल काढता येऊ लागले. रुळाचा छेद वर-खाली जाड आणि मध्ये अरुंद का, याचे उत्तर त्यात आहे. वाकताना सर्वांत जास्त प्रतिबल वरच्या-खालच्या कडांना येते, मधल्या धातूला जवळजवळ काहीच काम नसते. पीजेचा रूळ हलका चालला कारण तिच्या प्रत्येक आसावरचा भारच कमी होता. अरुंद मार्ग स्वस्त पडतो त्याचे हे एक मोठे कारण. धातू पेलू शकेल त्यापेक्षा प्रतिबल बरेच कमी ठेवले की झाले, असे सर्वांना वाटू लागले.

तसे झाले नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायच्या बागेतला राजाचा उत्सव पाहून माणसांनी भरलेली गाडी पॅरिसला परतत होती. मदों गावापाशी पुढच्या इंजिनाचा आस तुटला. मागची इंजिने आणि डबे एकमेकांवर चढले, आग लागली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डब्यांना बाहेरून कुलपे होती. पन्नासहून अधिक माणसे जळून मेली. तुटलेला आस भाराच्या हिशेबाने कमकुवत नव्हता. तो भार त्याने आधी कितीतरी फेऱ्यांत वाहिला होता. तुटलेला भाग चकचकीत, स्फटिकासारखा दिसे, म्हणून धक्क्यांनी लोखंडाची जात बदलते असा समज पसरला. ऐन तेविशीतल्या रँकिनने १८४३ मध्ये त्याला हरकत घेतली. आसाची जाडी जेथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक भेग सुरू होते आणि हळूहळू आत सरकते, असे त्याने दाखवले, व तो कोपरा गोलसर घडवावा असे सुचवले.

येथे बैलगाडी आणि आगगाडी शेजारी उभ्या करून पाहिल्या पाहिजेत. बैलगाडीचा आस फिरत नाही. चाक त्याच्याभोवती फिरते. साटीचा भार दोन चाकांच्या मध्ये असल्याने आस खाली बाकतो, त्याची खालची बाजू ताणलेली आणि वरची दाबलेली राहते, आणि गाडी जामनेरहून पहूरला जाऊन आली तरी ताणलेली बाजू ताणलेलीच असते. आगगाडीत चाके आसावर घट्ट बसवलेली असतात आणि आस चाकांबरोबर फिरतो. त्यामुळे आसाच्या पृष्ठभागावरचा जो कण आता वर आहे तो अर्ध्या फेऱ्यानंतर खाली येतो. आता ताण, मग दाब, पुन्हा ताण. भार तोच, वजन तेच, पण कणाच्या वाट्याचे प्रतिबल प्रत्येक फेऱ्यात उलटसुलट होते.

किती वेळा, याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर धरला तर परिघ सुमारे २.२ मीटर. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटर, म्हणजे साधारण साडेपंचवीस हजार फेरे. जाऊन-येऊन एक्कावन्न हजार. रोज एक जाणे-येणे धरले तरी वीस दिवसांत दहा लाख. बैलगाडीच्या सुताराच्या अनुभवात ही संख्या कधी आलीच नव्हती, आणि पूल बांधणाऱ्या नाव्हिएच्याही नाही.

हे कोडे ऑगस्ट व्होलर या प्रशियन रेल्वेतील अभियंत्याने सोडवले. १८५० च्या दशकात त्याने आधी धावत्या गाडीखालचे आस प्रत्यक्ष किती वाकतात ते मोजले, मग आसाचे तुकडे भार टांगून सतत फिरवत ठेवणारी यंत्रे बनवली, आणि १८७० पर्यंत हे काम चालवले. एखाद्या तुकड्याला लाखो फेरे द्यायचे तर यंत्र दिवसरात्र फिरत ठेवावे लागे, तेव्हा इतकी वर्षे लागली यात नवल नाही. त्याला असे आढळले की एकदाच भार दिल्यास जे लोखंड सहज टिकते तेच पुरेशा उलटसुलटीनंतर त्याहून पुष्कळ कमी प्रतिबलाला तुटते. प्रतिबल कमी केले तर फेऱ्यांची संख्या वाढत जाते, आणि एका मर्यादेखाली लोखंड किंवा पोलाद जवळजवळ अमर्याद फेरे सहन करते. शिवाय महत्त्व कमाल प्रतिबलापेक्षा ते किती वर-खाली होते याला अधिक. आज याला धातूचा थकवा म्हणतात.

वर्गात याचे उदाहरण म्हणून तार पुढेमागे वाकवून तोडून दाखवतात. दाखवावी, पण एक इशारा द्यावा. हाताने वाकवलेली तार वाकलेलीच राहते, म्हणजे ती हूकच्या नियमाच्या बाहेर गेलेली असते. मदोंच्या आसाचे तसे नव्हते. बाहेरून पाहता तो प्रत्येक फेऱ्याला नियमाप्रमाणे वाकून पुन्हा सरळ होत होता. नियम पाळणारा धातूही तुटू शकतो, हे त्या दुर्घटनेने माणसांचे प्राण घेऊन शिकवले.

रुळांमधल्या फटींचा प्रश्न राहिला. पीजेतून प्रवास केलेल्यांच्या कानात अजून असलेली ती खडाड्-खट लय या फटींची होती. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांपुढे जाते आणि उन्हातला रूळ ६० च्याही वर तापतो. हिवाळ्याच्या पहाटे तोच १० अंशांपर्यंत उतरतो. पोलादाचा १० मीटरचा रूळ ५० अंशांच्या फरकाने ६ मिलिमीटर वाढतो. फट असेल तर तो निमूट वाढतो. ब्रॉडगेजवर आता रूळ वितळजोड करून सलग टाकतात. त्याला वाढायला जागाच नसते, मग ती न झालेली वाढ जाते कोठे? येथे आपले दोन भागाकार समोरासमोर येतात. सुटा रूळ लांबतो, पण त्यात प्रतिबल जवळजवळ नसते. सलग रूळ लांबत नाही, आणि प्रतिबल सगळे त्याच्या आत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पहिल्यातच काहीतरी घडल्यासारखे दिसते.

हिशेब असा. रूळ ४० अंशांना पक्का केला आणि तो ६५ अंशांपर्यंत तापला. अडवलेली विकृती २५ गुणिले ०.००००१२, म्हणजे ०.०००३. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणून प्रतिबल ६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचे छेदक्षेत्र सुमारे ७६७० चौरस मिलिमीटर असते. गुणाकार केला तर एकेका रुळातला दाब ४७ टनांच्या वजनाइतका होतो. गाडी नसतानाही. हिवाळ्यात उलट, ३० अंशांनी थंड झाल्यावर ५६ टनांचा ताण. सलग रूळ थंडीच्या पहाटे तडकतात ते त्यामुळे.

दाबलेला लांब दांडा तुटण्याआधीच बाजूला वाकून निसटतो, हे ऑयलरने १७४४ मध्ये गणिताने दाखवले होते. तेव्हाचे खांब दगडाचे आणि जाडजूड. त्याच्या सूत्राचा उपयोग करण्याजोगे सडपातळ काही बांधलेच जात नव्हते, म्हणून ते शंभरेक वर्षे पडून राहिले. ते आपल्या रुळाला लावून पाहू. दोन्ही टोके फक्त अडवून धरलेला १० मीटरचा रूळ सुमारे १० टनांतच आडवा वाकतो. सलग रुळात तर ४७ टन आहेत. तो जागेवर राहतो कारण स्लीपर आणि खडी त्याला आडवे सरकू देत नाहीत. स्लीपरच्या टोकांबाहेर खडीचा जो उतरता खांदा रचलेला असतो तो याच कामासाठी, आणि रूळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापलेला असताना खडी उकरण्याची कामे केली जात नाहीत ती याच भीतीने.